दंड कंपन्यांना, भुर्दंड व्यसनी माणसाला

अपराध्याला दंड झाला की त्याची पत घसरावी, असे सामान्य माणसाची न्यायबुद्धी सांगते. शेअर बाजाराचा न्याय मात्र निराळा आहे. अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांवरील खटल्यांनी ते पुरेपूर सिद्ध केले आहे.

१९५४ पासून सुमारे चार दशके या कंपन्यांवर शेकडो दावे गुदरण्यात आले. परंतु वादींच्या पदरात काहीच पडले नाही. १९८८ साली न्यू जर्सीतील ज्यूरीने एका मृत महिलेच्या पतीला ४ लाख डॉलर देवविले, पण तो निवाडाही अपिलात टिकला नाही. त्यामुळे भागधारक निश्चिंत होते. या निश्चिंतीला ९ ऑगस्ट १९९६ रोजी तडा गेला. फ्लोरिडातील ज्यूरीने ब्राउन अँड विल्यमसन कंपनीस साडेसात लाख डॉलरची भरपाई देण्यास सांगितले. रक्कम क्षुल्लक होती. तरीही खटल्यात पक्षकारसुद्धा नसलेल्या फिलिप मॉरिसच्या शेअरचा भाव एका दिवसात शेकडा दहाहून अधिक घसरला. बाजार रकमेला भ्याला नव्हता, पायंड्याला भ्याला होता.

तडजोडीची ओढ लागली ती यामुळेच. जून १९९७ मधील ३६,८५० कोटी डॉलरच्या समझोत्याला कायद्याची जोड हवी होती. ते विधेयक पुढील वर्षी सिनेटमध्ये बारगळले. अखेर २३ नोव्हेंबर १९९८ रोजी ४६ राज्यांशी करार झाला. पहिल्या २५ वर्षांसाठी अंदाजे २०,६०० कोटी डॉलर! एवढ्या बोजाखाली कोणताही धंदा वाकावा. पण प्रमुख कंपन्यांनी त्याच दिवशी पाकिटामागे ४५ सेंट भाव वाढविला. व्यसनी गिऱ्हाईक भाववाढीने सहसा पाठ फिरवीत नाही. म्हणजे दंड कंपन्यांना झाला, भरला तो धूम्रपान करणाऱ्याने. अमर्याद भीतीचे रूपांतर मोजता येणाऱ्या खर्चात झाले, आणि बाजाराला हवे असते ते एवढेच.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. कराराचे वार्षिक हप्ते सिगारेटच्या खपाशी निगडित आहेत. खप घटला की राज्यांचे उत्पन्न घटते. कित्येक राज्यांनी तर या भावी हप्त्यांच्या भरवशावर कर्जरोखे विकले. वैयक्तिक दावे मात्र चालूच राहिले. २००३ साली इलिनॉयमधील न्यायालयाने फिलिप मॉरिसला १,०१० कोटी डॉलरचा भुर्दंड ठोठावला आणि अपिलासाठी १,२०० कोटींचे तारण मागितले. तेव्हा ते कमी करावे म्हणून अनेक राज्यांचे अ‍ॅटर्नी जनरल न्यायालयात रदबदली करू लागले! कालचा वादी आज प्रतिवादीचा कैवारी झाला. पुढे २००५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडाच रद्द केला.

हा धडा दूरचा नाही. आपल्याकडे आयुर्विमा महामंडळाचा आयटीसीत मोठा हिस्सा आहे. त्याविरुद्ध २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली. शिक्षक, कारकून यांचा विम्याचा हप्ता अप्रत्यक्षपणे कोठे गुंततो, याचा विचार त्यांनीही करावयास हवा. रोगाच्या मिळकतीत ज्याचा वाटा असतो, त्याच्या हातून रोगाचे निर्मूलन होईल ही अपेक्षा फोल आहे. नुकसानभरपाईचा पैसा विषाच्या विक्रीवर अवलंबून ठेवणे हा न्याय नव्हे. ती भागीदारी आहे.