घसरलेले गुण आणि झाकली मूठ

आपल्याकडे मुलाचे एखादे वर्ष वाया गेले की पुढच्या प्रवेशाआधी नोटरीकडे जावे लागते. स्टॅम्प पेपरवर शपथ घ्यायची, की या काळात मी कुठल्याच संस्थेत शिकत नव्हतो. का शिकत नव्हतो? तर "काही घरगुती कारणास्तव". या तीन शब्दांखाली गोव्यातल्या कितीतरी घरांतली दुखणी, भांडणे नि मरणे सुखाने झाकली गेली आहेत. आणि नुसती एटीकेटी लागली असेल तर तेवढेही कोणी विचारत नाही.

अमेरिकेत विचारतात. तिथे पदवीच्या मध्येच एक कॉलेज सोडून दुसऱ्यात जाणे, म्हणजे ट्रान्स्फर, ही नित्याची गोष्ट. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे स्वस्तात काढून मग मोठ्या विद्यापीठात जाणारी मुले पुष्कळ, आणि कॅलिफोर्नियाचे सरकारी विद्यापीठ तर आपल्या राज्यातल्या अशा मुलांना ट्रान्स्फरमध्ये प्राधान्यच देते. अर्जासोबत आजवर जिथे जिथे शिकलात त्या प्रत्येक कॉलेजचे गुणपत्रक लागते. एखादे सोयीस्करपणे "विसरले" आणि ते पुढे उघडकीला आले, तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो. म्हणजे वाईट सत्र लपवायची सोय नाही. पण त्याचबरोबर बहुतेक अर्जांत आणखी काही सांगायचे असल्यास थोडी जागा ठेवलेली असते. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा 'कॉमन अ‍ॅप' या सामायिक अर्जाने त्या संकटाचा आपल्यावर काय परिणाम झाला हे सांगायला २५० शब्दांची वेगळी जागा दिली होती. ती भरायची सक्ती नव्हती.

माझ्या मावसबहिणीची मुलगी तिकडे न्यू जर्सीत शिकते. पहिली दोन सत्रे ३.८ आणि ३.८. तिसरे २.१. चौथे ३.९. (चारपैकी, बरे का, शंभरपैकी नव्हे!) चारही सत्रांचे क्रेडिट सारखे धरले तर सरासरी ३.४ येते. ती पाहणाऱ्याला वाटेल, मुलगी बरी आहे, मध्यम आहे. पण ती मध्यम कुठल्याच सत्रात नव्हती! सरासरी ही अशी लबाड चीज आहे, म्हणूनच चार आकडे सुटे पाहणारा माणूस विचारणार, की त्या चार महिन्यांत झाले काय?

झाले ते डिप्रेशन. पोर खोलीबाहेर पडेना, वर्गात जाईना. शेवटी मैत्रिणीने ओढून कॉलेजच्या कौन्सेलरकडे नेले, उपचार सुरू झाले, पुढच्या सत्रात तिने विषय थोडे कमी घेतले आणि उन्हाळ्यात ते भरून काढले. आता अर्जात हे लिहायचे की नाही यावरून घरात महाभारत. आईचे म्हणणे, त्याच वर्षी बापाची बायपास झाली ना, तेच लिही, खोटे कुठे आहे त्यात? आणि मग आपले ठेवणीतले अस्त्र: "लोक कितें म्हणटले?" हे लोक म्हणजे म्हापशाचे. अर्ज वाचणार तिथल्या कुठल्यातरी कॉलेजचा अधिकारी, आणि भीती म्हापशाच्या बाजाराची!

मी मुलीच्या बाजूने आहे. बायपास झाली जूनमध्ये, सत्र सुरू झाले सप्टेंबरात, बाप तोवर फिरायला लागला होता. तारखा जुळत नाहीत, हे एक. दुसरे मला अधिक लागते: बापाचे दुखणे पुढे केले की तिने स्वतः जे केले, म्हणजे मदत मागितली, ओझे कमी केले, पुन्हा उभी राहिली, ते सारे सांगायची वाटच बंद होते. वाचणाऱ्याला खरे तर तेवढेच हवे असते. अडचण संपली का, आणि आमच्याकडे आल्यावर ही मुलगी टिकेल का.

आईची भीती मात्र मी सगळीच उडवून लावणार नाही. रोगाचे नाव लिहिलेच पाहिजे असे कुठे आहे? "आजारी होते, उपचार घेतले, आता बरी आहे" एवढे पुरे. ते खरेही आहे आणि झाकलेलेही. गळा काढायची गरज नाही. आपला अर्ज "महाशय, कृपादृष्टी असावी" या सुरात जायला वेळ लागत नाही, तो सूर तिथे नको. प्राध्यापकाने मुद्दाम गुण कापले वगैरे रडगाणे तर मुळीच नको. आणि एका विषयात ए ऐवजी बी आला म्हणून खुलासे देत बसणाऱ्यांना तर मी हात जोडतो.

तिने शेवटी पाच वाक्ये लिहिली. कुठल्या सत्रात आजारी पडले, कोणाकडे गेले, पुढे काय बदलले, नंतरचे गुण किती, आणि सल्लागार प्राध्यापकांना हे ठाऊक आहे. बस्स. आईने ती दोनदा वाचली आणि एकच दुरुस्ती सुचवली, "आजारी"च्या आधी "थोडी" घाल म्हणून. मुलीने घातले नाही.