व्हीएमसीची देखभाल होते, कॉम्प्युटरची का नाही?

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही नेटक्या वर्कशॉपमध्ये व्हीएमसीचे (संगणकाने चालणाऱ्या कटिंग यंत्राचे) ऑइल कधी बदलले, स्पिंडल कधी तपासला, याचा तक्ता भिंतीवर असतो. त्याच यंत्राला प्रोग्राम पाठवणारा डेस्कटॉप मात्र त्या तक्त्यात सहसा नसतो. तो टेबलाखाली धूळ खात पडलेला. पाच कोटींवर उलाढाल असलेल्या उद्योगांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे. तेही याच डेस्कटॉपवर निघत असेल, तर हा डबा बसला की माल तयार असूनही चाकणला निघालेला टेम्पो गेटवरच अडकतो.

तरीही खरेदीच्या वेळी चौकशी होते ती प्रोसेसरची आणि रॅम किती जीबी याची. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, मात्र कॅबिनेटसोबत जो येईल तो. शेजारी वेल्डिंग मशीन आणि कॉम्प्रेसर दिवसभर चालू-बंद होतात, व्होल्टेज खाली-वर होते, आणि हा सगळा मार त्या एसएमपीएसवर बसतो. त्याच्यावरचा ‘८० प्लस’चा शिक्का वीज किती वाया जाते एवढेच सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तापमान १० अंशांनी उतरले तर त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणून धुळीने बुजलेला पंखा साफ करणे हे नवा प्रोसेसर घेण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

बंद पडलेला कॉम्प्युटर निदान दिसतो तरी. गुपचूप चुकणारा जास्त घातक. २००३ च्या निवडणुकीत ब्रुसेल्समधल्या स्खारबेक इथे एका उमेदवाराला ४०९६ मते जादा मोजली गेली. ४०९६ म्हणजे २ चा बारावा घात. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही; मेमरीतला एक बिट आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला. आकडा अशक्य होता म्हणून तिथे कळले. ड्रॉइंगमधले एखादे माप असे बदलले तर ते थेट इन्स्पेक्शनच्या टेबलावर कळेल, तोवर अख्खी बॅच कापून झालेली असेल.

अशी एका बिटची चूक ईसीसी, म्हणजे चूक सुधारणारी रॅम तिथल्या तिथे दुरुस्त करते. गूगलच्या सर्व्हरवरच्या २००९ च्या अभ्यासात वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त मेमरी मॉड्यूलमध्ये चुका आढळल्या होत्या. ईसीसी महाग पडते, मदरबोर्ड आणि प्रोसेसरही तिला चालणारेच लागतात. पण जिथे ग्राहक कंपनी पीपीएममध्ये (दर दहा लाख नगांमागे) रिजेक्शन मोजते, तिथे हा खर्च उधळपट्टी नव्हे. डीडीआर५ च्या चिपमध्ये अंगभूत दुरुस्ती असते खरी, पण ती पूर्ण ईसीसी नाही. दुकानदार काहीही सांगो.

भोसरीच्या पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. बुधवारी रात्री मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून जावे आणि त्यात एक जरी चूक निघाली तरी ती रॅम काढून टाकावी. गुरुवारी यूपीएसला येणाऱ्या विजेचा स्विच बंद करून बॅटरी खऱ्या लोडवर किती मिनिटे टिकते ते बघावे. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधले व्होल्टेज मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टांच्या वर असेल तर आधी वायरिंग आणि अर्थिंगचा खड्डा तपासावा, नवा मदरबोर्ड त्यानंतर.