गाडी उभी आहे, ड्रायव्हर गेला

(कोलकात्यातले मराठी व्यापारी, अडते, गलाईवाले आणि नोकरदार यांच्यासाठी पत्रक)



एखाद्या दुपारी तारातल्याच्या चौकाजवळ किंवा गोदीकडे जाणाऱ्या हाइड रोडवर उभे राहा आणि एमएच पासिंगच्या गाड्या मोजा. काही केबिनमध्ये ड्रायव्हर घामाघूम होऊन झोपलेला दिसेल, कुठे चाकाशेजारी स्टोव्हवर भात शिजत असेल. अधूनमधून एक गाडी अशीही दिसते, की ताडपत्री बांधलेली, दार लावलेले आणि माणूस नाही. किल्ली ओळखीच्या टपरीवर ठेवून ड्रायव्हर हावड्याला गेला आणि मिळेल त्या रेल्वेत बसला. मग नगरहून किंवा नाशिकहून मला फोन येतो, "भाऊ, तिकडे कुणी ड्रायव्हर मिळतो का बघा ना." मी बेहाल्यात राहतो, बिल्ट्या लिहिणे हा माझा धंदा. पूर्वी असा फोन वर्षातून एखादा यायचा. आता महिन्यातून दोन-तीन येतात.

केंद्रीय मंत्री नितीन गडकरी सांगतात की देशात २२ लाख चालक कमी आहेत. त्यावर सरकारचा उपाय म्हणजे प्रशिक्षण केंद्रे. केंद्रे काढावीत, माझी हरकत नाही. पण ज्या घागरीला तळच नाही तिच्यात पाणी ओतायला आणखी नळ कशाला? जड वाहनाचे लायसन्स खिशात असलेली माणसे आज रिक्षा चालवतात, सोसायटीच्या गेटवर बसतात, गावी जाऊन म्हैस घेतात. त्यांना गाडी चालवता येते. आपल्याकडे माल घेऊन येण्याची त्यांची इच्छा उरलेली नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० साली दहा शहरांतल्या ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात कोलकाताही होते. आपल्या घरच्या माणसाला हा धंदा सुचवणार नाही, असे ८४ टक्के चालकांनी सांगितले. बापच मुलाला म्हणतो, काहीही कर पण स्टेअरिंगला हात लावू नकोस. तिथे केंद्रात शिकायला येणार कोण?

हे असे का झाले, त्याचा हिशेब सरळ आहे. नाशिकहून कोलकाता १८०० किलोमीटरच्या वर. धुळे, जळगाव, अकोला, नागपूर, रायपूर, संबलपूर, खडगपूर. ड्रायव्हरला पैसे मिळतात ट्रिपचे. चाक फिरले तर कमाई, चाक थांबले की भत्ताच खायचा. आणि चाक थांबवतो कोण? शहरात दिवसा नो एन्ट्री आहे म्हणून तो बाहेर थांबतो. रात्री शिरला तर गोदाम बंद. सकाळी गोदाम उघडले तर हमाल नाहीत. हमाल आले तर वाराई, म्हणजे माल उतरवण्याची हमाली, कुणी द्यायची यावर वाद. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही घोषणा महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांनी वर्षानुवर्षे दिली आणि आपण व्यापाऱ्यांनी ती वर्षानुवर्षे ऐकून घेतली. पैसे अजून ड्रायव्हरच्याच खिशातून जातात. वाटेतली 'एन्ट्री', म्हणजे चिरीमिरी, वेगळी. तिची पावती कुणी देत नाही, म्हणून मालक तिचा हिशेब धरत नाही.

आता बेहाल्याबद्दल. ४ ऑगस्ट २०२३ च्या सकाळी बेहाला चौरस्त्याजवळ शाळेत निघालेल्या दुसरीतल्या मुलाला लॉरीने चिरडले. बाप गंभीर जखमी झाला. लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांची गाडी जळाली. मी त्या गर्दीत होतो आणि तो संताप मला आजही चुकीचा वाटत नाही. त्यानंतर डायमंड हार्बर रोडवर मालवाहू गाड्यांच्या वेळा आवळल्या गेल्या. मुलांच्या शाळेच्या वेळी लॉरी नको, हे बरोबरच आहे. पण वेळा आवळताना एक प्रश्न कुणी विचारला नाही. रस्त्यावरून हटवलेली ती लॉरी दिवसभर उभी कुठे राहणार, आणि तिच्यातला माणूस झोपणार कुठे? अवजड गाडीसाठी कुंपण, दिवे, संडास, न्हाणी आणि पहारा असलेला तळ नसेल, तर तो दिवसभर डिझेल आणि बॅटरी चोरीला जाऊ नये म्हणून अर्धा डोळा उघडा ठेवून पडतो आणि रात्री दहा वाजता न झोपलेला माणूस चाळीस टनांची गाडी घेऊन तुमच्या-माझ्या घरासमोरून निघतो. बंदीने दिवस सुरक्षित केला आणि धोका रात्रीकडे ढकलला. ड्रायव्हरची झोप आणि आपल्या मुलांचा जीव हे एकाच खात्यावर लिहायला हवे.

कायदा नाही, असे नाही. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास, ही मर्यादा मोटार वाहतूक कामगार कायद्याने १९६१ सालीच घातली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ९१ वे कलमही त्याच तासांकडे बोट दाखवते. पण १९६१ चा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता, आणि आपल्याकडचे बहुतेक मालक एक-दोन गाड्यांचे. झाले, कायदा धाब्यावर. (हा वाक्प्रचार वाहतुकीच्या धंद्यात जितका शब्दशः खरा ठरतो तितका दुसरीकडे ठरत नसेल.)

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. चांगले झाले. पण हाइड रोडवर इंजिन बंद करून बारा तास उभ्या असलेल्या गाडीत तो एसी किती थंड हवा देणार, हे मला कुणीतरी समजावून सांगावे. आणि जुन्या गाड्या तर अजून दहा-पंधरा वर्षे पळणारच.

मालकांनाही दोन शब्द. तुम्ही किन्नर (क्लीनर) काढून टाकलात. पगार वाचला म्हणून खूश झालात. पण गावाकडचा पोरगा आधी किन्नर व्हायचा, टायर बदलायचा, रिव्हर्सला मागून हाक द्यायचा, रिकाम्या रस्त्यावर हळूच स्टेअरिंग धरायचा आणि चार वर्षांनी पक्का ड्रायव्हर व्हायचा. तीच आपली शाळा होती. तुम्ही शाळा मोडली आणि आता विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून रडता. शिवाय रात्री ड्रायव्हरशी बोलून त्याला जागे ठेवणारा माणूसही गेला.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, या नव्या फौजदारी संहितेतल्या कलमाविरुद्ध. मनमाडजवळ पानेवाडीला टँकर थांबले आणि महाराष्ट्रभर पंपांवर रांगा लागल्या. सरकारने ते कलम बाजूला ठेवले. १ जुलै २०२४ ला नवी संहिता आली ती त्याच्याविना. जखमीला टाकून पळणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात संशय नाही. पण 'थांबलो तर जमाव जिवंत सोडेल का?' हा ड्रायव्हरचा प्रश्न बेहाल्यातल्या माणसाने तरी खोटा म्हणू नये. आपण ती आग पाहिली आहे.

हा तुटवडा फक्त आपलाच नाही. ब्रिटनमध्ये २०२१ च्या सप्टेंबरात चालक नसल्याने पंप कोरडे पडले, पुढच्या महिन्यात लष्कराचे जवान टँकर चालवू लागले. तिथेही लायसन्सवाले घरी बसलेच होते. पगार वाढला तसे त्यातले काही परतले.

इलाज कठीण नाही, तो इथे बंगालमध्येच एकदा करून झाला आहे. पेट्रापोल सीमेवर बांगलादेशला निघालेल्या गाड्या आठवडेच्या आठवडे रांगेत सडायच्या. २०२० च्या सप्टेंबरात कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद झाली, तेव्हा आपल्या नाशिकच्या गाड्या तिथेच अडकल्या आणि कांद्याचे पाणी रस्त्यावर वाहिले. पुढे २०२२ मध्ये राज्य सरकारने 'सुविधा' नावाची व्यवस्था आणली. आधी वेळ घ्या, त्या वेळेला या, पुढे जा. थांबणे दिवसांवर आले. सीमेवर जे जमले ते गोदीच्या फाटकावर आणि पोस्त्याच्या बाजारात का जमू नये?

सरकारकडे आपण मागू: तारातल्याजवळ गोदीच्या मोकळ्या जमिनीवर ड्रायव्हरांसाठी तळ, आणि बाजारात माल उतरवण्याच्या ठरलेल्या वेळा. पण निम्मे काम आपल्याच हातात आहे, त्याला कोणत्याही मंत्र्याची सही लागत नाही. गाडी दारात लागल्यापासून चार तासांत रिकामी करा. चार तास उलटले तर पुढच्या प्रत्येक तासाचे हॉल्टिंग द्या, आणि ते बिल्टीवर ड्रायव्हरच्या नावे लिहा, मालकाच्या नावे नको. वाराई तुमची. गोदामाचा संडास ड्रायव्हरला उघडा ठेवा. एवढे ऐकून एक व्यापारी मला म्हणाले, "भाडं परवडणार नाही." त्यांचा कांदा त्या आठवड्यात ड्रायव्हरविना तीन दिवस उभा होता आणि त्यातला किती फेकला, हे त्यांनी मला सांगितले नाही.

पत्रकाची मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवली आहे. तुमच्या दारी आलेली शेवटची गाडी किती वाजता लागली, किती वाजता रिकामी झाली आणि वाराई कुणी दिली, एवढ्या तीन गोष्टी तिथे लिहा आणि गणपतीच्या मंडपात ठेवलेल्या डब्यात टाका. नाव लिहू नका. विसर्जनाच्या आदल्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या मंडपातच मोठ्याने वाचून दाखवू. त्या वेळी तिथे गाडी घेऊन आलेले चार ड्रायव्हर जेवायला बोलावले आहेत.

बेहाल्यातला एक बिल्टीवाला