पुठ्ठ्याचे शिरस्त्राण

अमेरिकेतून नातवंडांची छायाचित्रे आली की आपल्या घरांत एक ठरीव उसासा ऐकू येतो. ऐन दिवाळीच्या सुमारास, ३१ ऑक्टोबरला, मुले हॅलोविनची सोंगे घेऊन दारोदार गोळ्या मागतात, संस्कृती बुडाली! हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या गरब्याच्या फेरात नाचलेल्या आणि इंदुरात रंगपंचमीची गेर पाहण्यास राजवाड्यापुढे लोटणाऱ्या कुळांनी तरी तो घेऊ नये. त्यातून पोर अंतराळवीर झाले असेल तर काय बिघडले? ज्यूल व्हर्नच्या कथा मराठी मुलांच्या हाती देणारे भा. रा. भागवत जन्माने इंदूरचेच.

आक्षेप घ्यावयाचाच तर निराळ्या जागी घ्यावा. मूल कोणाचे सोंग घेते हे सोडा. ते सोंग बनवले कोणी, हे विचारा.

बक रॉजर्सची चित्रमालिका वृत्तपत्रांत आली १९२९ साली, फ्लॅश गॉर्डनची १९३४ साली. बाजार तेव्हाही निजला नव्हता. डेझी कंपनीने बक रॉजर्सचे खेळण्यातले पिस्तूल त्याच १९३४ मध्ये विक्रीस काढले. तरीही पुठ्ठ्याचे खोके, चंदेरी कागद आणि वडिलांचा जुना पट्टा एवढ्या सामग्रीवर पंचविसाव्या शतकातला वीर उभा राहू शकत होता. खोक्याला डोळ्यांची भोके कोठे पाडावी, हे ठरविताना मूल त्या वीराचा खरा विचार करते.

पुढे १९३७ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात बेन कूपर कंपनी निघाली. पातळ प्लॅस्टिकचा मुखवटा, त्यास रबरी दोरी आणि अंगात एक झगा. या झग्यावर छातीपाशी बहुधा त्याच पात्राचे चित्र आणि नाव छापलेले असे! १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ चित्रपट आला, तेव्हा त्याचेही पोशाख असेच निघाले. ल्यूक स्कायवॉकर स्वतःचे चित्र छातीवर मिरवीत कधी लढला होता काय? हे सोंग नव्हे. ही चालती जाहिरात, आणि तिचे पैसे पुन्हा मुलाच्याच बापाने भरावयाचे.

आईबाप दोघेही नोकरी करतात, वेळ कोठून आणावा, असे कोणी म्हणेल. अडचण खरी आहे. पण वेळ मुलापाशी असतो. आईबापांनी कात्री, डिंक आणि घरभर होणारा पसारा सोसावा, इतकेच मागणे आहे.

आणि आपण तरी कोणत्या तोंडाने बोलावे? दिवाळीत माती कालवून किल्ला रचणारी, त्यावर मोहरी-हळीव पेरणारी आमची अंगणे आता प्लॅस्टरचा तयार किल्ला आणून मोकळी होतात. आमच्याच घरी गेल्या दिवाळीत तसा एक आला. पोरांनी त्यावर मावळे मांडले आणि पाच मिनिटांत ती दूरदर्शनसंचापुढे जाऊन बसली. तेव्हा यंदा नातवाला पोशाखासाठी डॉलर धाडण्याचा बेत आम्ही सोडला आहे. शिरस्त्राण कसे बनवलेस, एवढे मात्र दूरध्वनीवर विचारणार आहोत.