भरतीची वेळ आणि बिटकॉइनचा भाव

वसईच्या पाचूबंदरावर एखाद्या वृद्ध कोळीबाबांना विचारा, आज भरती केव्हा? ते घड्याळ न पाहता सांगतील. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट, म्हणजे पावणेचारच्या सुमारास. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्याबरोबर पुढे सरकते, म्हणून हा आडाखा जमतो. आता त्यांनाच विचारा, आज पापलेटला काय भाव निघेल? ते म्हणतील, लिलाव झाल्यावर ये.

विद्यार्थी मित्रहो, काही उत्तरे नियमाने काढता येतात आणि काही उत्तरांसाठी बंदरावर जावेच लागते. हल्ली मोबाइलवर ज्यांच्याशी आपण गप्पा मारतो त्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना हा भेद आपणहून कळतोच असे नाही. अफाट मजकूर वाचून ती तयार झालेली असतात. पण ते वाचन एका तारखेला थांबलेले असते. अशा यंत्राला बिटकॉइनचा आजचा भाव विचारला, तर जुन्या वाचनातून एखादा शोभेसा आकडा ते बेधडक सांगू शकते. वाक्य अगदी शुद्ध असते. भाव मात्र कधीचा तरी!

यावर उपाय म्हणून या यंत्रांना, विशेषतः आपल्या वतीने कामे उरकणाऱ्या 'एजंट' नावाच्या प्रकाराला, भाव पाहण्याचे साधन जोडून देतात. यंत्र एक ठरावीक नमुन्याची चिठ्ठी लिहिते: अमुक नाणे, अमुक चलनात. एक छोटा प्रोग्रॅम ती चिठ्ठी इंटरनेटवरून बाजाराच्या संगणकाकडे नेतो आणि आकडा घेऊन परत येतो. मग यंत्र तो आकडा वाक्यात बसवून आपल्याला सांगते. कल्पना चांगली आहे. परंतु एवढ्यावर समाधान मानावे असे मला वाटत नाही.

कारण 'बिटकॉइनचा भाव' नावाची एकच एक राशी जगात नाही. पाण्याचा उत्कलनबिंदू पुस्तकात सापडतो, तसा हा कोठेही लिहून ठेवलेला नसतो. २००९ साली सुरू झालेल्या या चलनाला रिझर्व्ह बँकेसारखी कोणतीही मध्यवर्ती संस्था नाही. त्याचे निरनिराळे बाजार रात्रंदिवस चालू असतात, आणि एखाद्या बाजारात शेवटचा व्यवहार ज्या किमतीला झाला तो त्या बाजारातला त्या क्षणाचा भाव. अर्नाळ्याच्या बंदरावरचा सकाळचा भाव आणि विरार स्टेशनजवळचा संध्याकाळचा भाव एक नसतो, तद्वतच हे.

या फरकाने किती घोळ होतो याचे एक उदाहरण पाहा. २०१७ च्या अखेरीस दक्षिण कोरियातील बाजारांत या आभासी चलनांचे भाव इतर देशांपेक्षा फार चढले होते. काही वेळा ३० टक्क्यांहून अधिक. अनेक बाजारांची सरासरी काढून दाखवणाऱ्या कॉइनमार्केटकॅप या प्रसिद्ध संकेतस्थळाने ८ जानेवारी २०१८ रोजी काही कोरियन बाजार आपल्या सरासरीतून वगळले. पूर्वसूचना मात्र दिली नाही. पडद्यावरील आकडे एकदम खाली आले. बाजार कोसळला असे समजून लोक घाबरले, भराभर विक्री झाली आणि भाव खरोखरच घसरले. सरासरीतला आकडा बदलला होता तो हिशेबाच्या पद्धतीमुळे. नुकसान झाले ते ज्यांनी 'हा आकडा कशाचा' असे न विचारता विकले त्यांचे. तेथे निदान माणसे होती, थांबून चौकशी करू शकणारी. एजंट तेवढाही वेळ घेणार नाही.

म्हणून माझे मत असे की, अशा साधनाने नुसता आकडा परत देऊ नये. प्रयोगशाळेच्या वहीत '३७' एवढेच लिहिले तर आपले शिक्षक गुण कापतात. अंश सेल्सिअस की फॅरनहाइट, केव्हा मोजले, कोणत्या तापमापकाने, हे सारे ते विचारतात. मग येथे सूट का? बाजाराचे नाव, वेळ, आणि रुपये की डॉलर, हे आकड्यासोबत आलेच पाहिजे. नाण्याचे पूर्ण नावही हवे, कारण दोन अगदी वेगळ्या नाण्यांची इंग्रजी आद्याक्षरे पुष्कळदा सारखीच असतात. (एका वर्गात दोन पाटील असले की हजेरीत काय होते ते तुम्हांस ठाऊकच आहे!) आणि बाजाराशी संपर्क झालाच नाही, तर 'भाव मिळाला नाही' एवढेच उत्तर यावे. यंत्राने त्या जागी आठवणीतला आकडा भरणे ही मी लबाडीच समजतो, मग ती नकळत का असेना.

आणखी एक गोष्ट. बाजारात खाते असणाऱ्याला संगणकासाठी जी गुप्त किल्ली मिळते, ती बहुतेक ठिकाणी दोन तऱ्हेने घेता येते: केवळ पाहण्यापुरती, किंवा खरेदी-विक्रीसह. घाईत दुसरी देऊन टाकणारे लोक थोडे नाहीत. भाव पाहायला पाठविलेल्या मुलाच्या हाती कोणी तिजोरीची किल्ली देत नाही. एजंटालाही पहिलीच किल्ली द्यावी, आणि खरेदीचा प्रश्न आला की त्याने घरातल्या माणसाला हाक मारावी.