मावळ्यांवरचे धुके

दिवाळीतला किल्ला उभा करायला माती, दगड आणि पोत्याची फडकी पुरतात. त्याला जीव येतो तो वरच्या चित्रांनी. कोरी चित्रे आणून घरी रंगविण्याची हौस अजून पुष्कळ घरांत आहे. रंग होतो, वरून रोगणाचा हात फिरतो, आणि सकाळी पाहावे तो मावळ्यांच्या तोंडावर पांढुरके धुके! (रोगण हा शब्द फारसीतून आला, मूळ अर्थ तेल. मास्तरकीची खोड, वाचकांनी क्षमा करावी.)

आमच्याकडे गेल्या वर्षी या धुक्यात सापडले ते प्रत्यक्ष महाराज. वडिलांनी १९८८ साली पोस्टर कलरने रंगविलेली ती मूर्ती. वडील आता नाहीत. त्या डोळ्यांची रेघ पुन्हा कोण ओढणार? कन्येने मोठ्या प्रेमाने सुताराकडून उरलेले चपडी लाखेचे पॉलिश तिच्यावर चढविले. बाहेर परतीचा पाऊस. सकाळी महाराजांच्या डोळ्यांत जणू मोतीबिंदू! पोरीच्या घशाखाली घास उतरेना. "ओल्या फडक्याने पुसू का?" सौभाग्यवतींनी विचारले. मी त्यांचा हातच धरला.

लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते. स्पिरिट झपाट्याने उडते व उडताना पृष्ठभाग गार करते. मग दमट हवेतले पाणी सूक्ष्म थेंबांनी तेथे बसते आणि लाखेच्या थरात अडकते. उजेड त्या थेंबांवर विखुरतो, म्हणून थर पांढरा दिसतो. खालचा रंग बहुधा शाबूतच असतो! परंतु पोस्टर कलर डिंकात कालवलेला; तो पाण्याने सुटतो, स्पिरिटने सहसा नाही. म्हणून ओले फडके वर्ज्य.

मूर्ती दोन दिवस कोरड्या, उबदार जागी ठेवली. निम्मे धुके आपोआप विरले. उरलेल्यासाठी एका कोरड्या दुपारी मऊ ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून फडक्यावर टिपला, आधी मूर्तीच्या बुडाशी फिरवून पाहिला, मग वर एकेकच हलका हात दिला. घासायचे मुळीच नाही. लाख क्षणभर मऊ होते, आतली ओल निघून जाते आणि थर पुन्हा पारदर्शक बसतो. जवळपास समई-उदबत्ती नको. स्पिरिट चटकन पेट घेते. डोळ्यांपाशी आलो तेव्हा मागे कन्या श्वास रोखून उभी होती. काळी रेघ हळूहळू वर आली, जशीच्या तशी.

हल्लीच्या ॲक्रिलिक रंगांची गोष्ट निराळी. त्यांना स्पिरिट लावाल तर रंगच सुटेल. मॅट वॉर्निशमध्ये चमक मारणारी पूड असते व ती तळाशी बसते. बाटली न हलविता तो गाळ जाड लावला, की पांढरी साय धरलीच. तेथे चकचकीत वॉर्निशचा एक पातळ हात द्यावा. पुष्कळदा तेवढ्याने धुके जाते. चमक नको असेल, तर तो वाळल्यावर नीट हलविलेल्या मॅटचा पातळ हात. आणि हा उद्योग वसुबारसेच्या आदल्या रात्री नव्हे, चांगला आठवडाभर आधी, स्वच्छ ऊन पाहून करावा.