महाकाव्याची मोजदाद

अकिरा कुरोसावा यांच्या १९५४ सालच्या ‘सेव्हन सामुराय’ या चित्रपटात, लढाईला तोंड लागण्यापूर्वी, एका दरिद्री खेड्याचा बचाव अंगावर घेतलेला कांबेई हा प्रौढ सामुराय हातात नकाशा घेऊन गावाच्या चारही शिवा पायांखाली घालतो. एकीकडची भातशेते पाण्याने भरून घेतली की तिकडून घोडा येणार नाही, दुसरीकडचा पूल काढून टाकला की ओढ्यापलीकडची तीन घरे सोडून द्यावी लागतील, तिसरीकडे भक्कम कुंपण घालावे लागेल आणि उत्तरेची वाट मात्र जाणूनबुजून उघडी ठेवावयाची, कारण गनिमाला आत येऊ दिल्यावाचून त्याला मारता येत नाही, असा सगळा बंदोबस्त तो ठरवीत असताना प्रेक्षकही त्याच्याबरोबर ते गाव चालून येत असतो. दरोडेखोर चाळीस आहेत. कांबेईपाशी एक कागद आहे, त्यावर दरोडेखोरागणिक एकेक वर्तुळ काढलेले आहे, आणि माणूस पडला की त्याच्या वर्तुळावर फुली पडते. शेवटच्या सकाळी मुसळधार पावसात तेरा उरलेले असतात, आणि त्या तेराही जणांना एकदम आत घ्यावयाचे असे तो ठरवितो. चिखल, घोडे, पाऊस आणि आरोळ्या यांचा एकच कल्लोळ माजलेला असतानाही कोण कोठे आहे, किती मेले आणि किती उरले याविषयी आपल्या मनात यत्किंचितही संभ्रम राहत नाही. या हिशेबाची दुसरी, अधिक कठोर बाजू अशी की, दरोडेखोरांपाशी बंदुका अवघ्या तीन, आणि सातांपैकी जे चार सामुराय कामास येतात ते चारही गोळी लागूनच; तलवारीने त्यांतला एकही पडत नाही. एका युगाचा अस्त सांगण्यासाठी कुरोसावांना भाषण लिहावे लागले नाही.

ज्यांना आपण भव्य चित्रपट म्हणतो त्यांच्याविषयीचा रूढ समज असा की, पडद्यावर माणसे, घोडे, हत्ती आणि तंबू जितके अधिक तितकी भव्यता अधिक. निर्मातेही फौजफाट्याचे आणि खर्चाचे आकडे जाहिरातींतून याच समजुतीने छापीत आले आहेत. मला हा समज मुळातच चुकीचा वाटतो. ज्या सैन्याची मोजदाद प्रेक्षकाला करता येत नाही, ते किती दूर आहे, किती वेळात येऊन भिडेल आणि त्यातले किती शिल्लक राहिले हे ज्याच्याविषयी त्याला सांगता येत नाही, ते सैन्य कितीही अफाट असले तरी पडद्यावर त्याची केवळ नक्षी होते, आणि नक्षीचे भय कोणालाही वाटत नाही. चाळीस दरोडेखोरांचे वाटते, कारण चाळीस ही मनात मावणारी संख्या आहे.

प्राचीन महाकवींना हे पुरते अवगत होते. कुरुक्षेत्रावर अठरा अक्षौहिणी सैन्य जमले एवढे म्हणून व्यास थांबत नाहीत. एका अक्षौहिणीत रथ २१,८७०, हत्ती तितकेच, घोडे ६५,६१० आणि पायदळ १,०९,३५० असा तपशील आदिपर्वातच नोंदविलेला आहे, त्यांतल्या अकरा कौरवांकडे आणि सात पांडवांकडे हेही सांगितलेले आहे, आणि पुढे भीष्म दहाव्या दिवशी, अभिमन्यू तेराव्या, द्रोण पंधराव्या आणि कर्ण सतराव्या दिवशी पडला ही रोजकीर्द इतक्या काटेकोरपणे ठेवलेली आहे की अखेरीस एका पक्षाचे सात आणि दुसऱ्याचे तीन योद्धे उरतात तेव्हा त्या दहांच्या आकड्यानेच अंगावर काटा येतो. होमरनेही ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात कोणत्या प्रांताची किती गलबते ट्रॉयला आली याची लांबलचक यादी दिली आहे, शाळेत ती वाचताना कंटाळलेल्या विद्यार्थ्यांविषयी मला सहानुभूती आहे, परंतु महाकवीच्या अंगी थोडी कारकुनी असावीच लागते, हे माझे मत त्या यादीने अधिकच दृढ केले आहे.

मोजदाद माणसांचीच असली पाहिजे असे नाही. डेव्हिड लीन यांच्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) या चित्रपटात ती अंतराची आणि काळाची आहे. वाळवंटातील एका विहिरीपाशी लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या तफस थांबलेले असतात. क्षितिजावर, मृगजळाच्या थरथरीत, एक काळा ठिपका उमटतो, लांबट होतो, हेलकावतो, आणि पुष्कळ वेळाने तो उंटावरचा स्वार आहे असे ओळखू येते. छायालेखक फ्रेडी यंग यांनी जॉर्डनमधील जफरच्या सपाटीवर ४८२ मिलिमीटरच्या भिंगातून हे दृश्य टिपले. तेथे संगीत नाही, शब्द जवळजवळ नाहीत. ठिपक्याचा माणूस होण्यास जो अवधी लागतो त्या अवधीतच त्या मुलखाचा विस्तार आपल्या अंगी भिनतो. मग एक गोळी सुटते, तफस मरून पडतो, आणि आलेला शरीफ अली खुलासा करतो की विहीर त्याची आहे आणि तफसच्या जमातीला तिचे पाणी पिण्याचा अधिकार नाही. या साऱ्या प्रसंगात माणसे तीन. (हातातल्या मोबाइलच्या पडद्यावर तो ठिपका बहुधा दिसतच नाही, आणि ज्यांनी हा चित्रपट तेवढाच पाहिला त्यांना तो संथ वाटला तर त्यांना दोष देता येत नाही.)

याच चित्रपटात जमाखर्चाचा आणखी एक प्रसंग आहे, आणि लीन यांच्या साऱ्या उंटांच्या फौजेपेक्षा मला तो अधिक मोलाचा वाटतो. नफूदचे वाळवंट ओलांडताना गासिम नावाचा एक माणूस उंटावरून पडून मागे राहतो; तो गेला असे समजा, असे सगळे बजावीत असताना लॉरेन्स एकटा मागे फिरतो आणि त्याला जिवंत घेऊन येतो. पुढे अकाबावर चाल करून जाण्याच्या आदल्या रात्री दोन टोळ्यांत खून पडतो, सुडाने सगळी मसलत मोडण्याची वेळ येते, आणि कोणत्याच टोळीचा नसलेला म्हणून लॉरेन्स खुन्याला देहान्त शिक्षा देण्याचे काम स्वतःकडे घेतो. खुनी मान वर करतो. तो गासिम असतो. एक जीव जमेस धरला होता तोच खर्ची पडला, आणि तोही त्याच हाताने. पुढे याच लॉरेन्सच्या हातून होणारा नरसंहार पाहताना आपण जे व्याकूळ होतो ते या एका नोंदीमुळे.

आपल्याकडे भव्य चित्रपट म्हटले की के. आसिफ यांच्या ‘मुगल-ए-आझम’चे नाव प्रथम निघते, आणि ते योग्यच आहे, ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात तो लागला तेव्हापासूनच्या कथा सांगणारी माणसे अद्याप भेटतात. परंतु त्यातली बापलेकांची लढाई कोणाच्या स्मरणात आहे? लष्कराचे खरे जवान, खरे हत्ती, खऱ्या तोफा असूनही ती येते आणि धुरळ्यासारखी निघून जाते. स्मरणात राहतो तो तानसेनाच्या, म्हणजे पडद्यामागील बडे गुलाम अली खाँसाहेबांच्या, आलापीच्या पार्श्वभूमीवरील सलीम आणि अनारकली यांचा प्रसंग, ज्यात दोन चेहरे आणि त्यांच्यामधले एक पीस एवढाच सरंजाम आहे. आणि राहतो तो शीशमहाल. त्या महालाच्या छतातील असंख्य आरशांतून नाचणाऱ्या अनारकलीची प्रतिबिंबे उमटतात, बादशहा मान वर करतो तर जिकडे पाहावे तिकडे तीच, आणि साऱ्या हिंदुस्थानवर हुकूम चालविणारा तो पुरुष एका दासीने वेढला जातो. असंख्य आहे खरे, परंतु ते असंख्य एकीचेच आहे. बेरीज केली तर उत्तर एकच येते, म्हणून तेथे मन हरवत नाही. बहुतेक चित्रपट कृष्णधवल असताना हा प्रसंग रंगांत आल्याने जे औचित्य साधले गेले ते, २००४ साली सगळाच चित्रपट रंगवून काढणाऱ्यांना उमगले नसावे असे मला आजही वाटते.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो प्रत्यक्ष टॉलस्टॉयकडून येतो. लढाईत कोणालाच काही कळत नसते, सेनापतीलाही नाही, असे ‘युद्ध आणि शांती’मध्ये त्याने पानोपानी प्रतिपादिले आहे, मग सोव्हिएत सैन्याचे हजारो शिपाई हाताशी घेऊन सेर्गेई बोंदारचुक यांनी १९६६-६७ साली चार भागांत जो प्रचंड चित्रपट पुरा केला त्यात बोरोदिनोच्या रणभूमीवर आपण वाट चुकलो तर त्यात गैर ते काय? गैर काहीच नाही. मात्र त्या धुमाळीत बोंदारचुक एका माणसाचे बोट सोडीत नाहीत: मुलकी पोशाखातला, शिपायांच्या नजरेत विचित्र दिसणारा पियेर. हजारोंचा हिशेब लागत नाही हे मान्य करूनच दिग्दर्शक एकाचा हिशेब ठेवतो.

रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटाच्या बाबतीत दोन्ही रीती एकाच ठिकाणी तपासून पाहता येतात. अंत्ययात्रेचे दृश्य ३१ जानेवारी १९८१ रोजी, म्हणजे प्रत्यक्ष अंत्ययात्रेच्या तेहतिसाव्या वर्षदिनी, दिल्लीत चित्रित झाले. सुमारे तीन लाख लोक जमले होते, आणि इतकी माणसे एका दृश्यासाठी दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात जमली नाहीत असे त्याविषयी आजही लिहिले जाते. ते दृश्य पाहून आपण थक्क होतो, आणि पुढे जातो. धारासण्याच्या मिठागरावरून मात्र पुढे जाता येत नाही. तेथे सत्याग्रही रांगेने येतात, लाठ्या पडतात, रांग कोसळते, स्त्रिया जखमींना उचलून नेतात, दुसरी रांग पुढे सरकते. पुढच्या रांगेतील माणसाला आपल्या पुढच्याचे काय झाले ते दिसत असते आणि आपल्यालाही त्याची पाळी कधी येणार ते ठाऊक असते. या जाणिवेपोटी प्रत्येक रांग आधीच्या रांगेहून जड होत जाते. या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळविणाऱ्या भानू अथैया मूळच्या कोल्हापूरच्या, आणि हा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय. त्यांच्या कामाकडे मी नेहमी वजाबाकीची एक दीर्घ कृती म्हणून पाहत आलो आहे. बॅरिस्टरचा कोट, टाय आणि कडक कॉलर येथपासून आरंभ होतो. मग काठियावाडी अंगरखा आणि पागोटे. मग सदराही जातो, आणि शेवटी अंगावर एक पंचा व चादर उरते. समोरची गर्दी शेकड्यांवरून लाखांवर जात असताना मधल्या माणसाच्या अंगावरील वस्त्रे एकेक करून कमी होत जातात.

संगणकाने हे सगळे बिघडविले, अशी तक्रार माझ्या पिढीतील पुष्कळजण करतात. मी करणार नाही. पीटर जॅक्सन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी स्टीफन रेगेलस यांनी ‘मॅसिव्ह’ नावाची जी संगणकप्रणाली सिद्ध केली तिच्या साह्याने २००२ सालच्या दुसऱ्या भागातील हेल्म्स डीपच्या लढाईत सैन्याचा महापूर उभा राहिला; तथापि चाल करून येणारे दहा हजार आणि तटावर तीनशे हे लढाईपूर्वीच आपल्या कानी घातलेले असते, तटाखालची पाणी वाहून जाण्याची मोरी हेच त्याचे मर्मस्थान हेही आधीच दाखविलेले असते, आणि लेगोलास व गिमली हे दोघे मित्र तर आपण कितीजणांना लोळविले याची मोजणीही चढाओढीने करीत असतात. राजमौलींच्या ‘बाहुबली’च्या पहिल्या भागात त्रिशूळ व्यूह कसा रचावयाचा याची चर्चा आधी होते आणि मग लढाई जुंपते. यंत्र दोषी नाही. दोष आहे तो, यंत्र हवी तेवढी माणसे देते म्हणून किती हवीत हे ठरविण्याचेच सोडून देण्यात.

महाराष्ट्रातील दिग्दर्शकांना तर याबाबतीत बाहेरचा दाखला शोधावयाची गरजच नाही. जुलै १६६० मधील शिवाजी महाराजांचा पन्हाळा ते विशाळगड हा प्रवास म्हणजे अंतर, काळ आणि संख्या या तिन्ही गोष्टी आयत्या जुळून आलेले महाकाव्य आहे: सिद्दी जौहरचा वेढा, पावसाळी रात्र, पाठलागावर मसूद, परंपरेने सांगितलेले घोडखिंडीतील तीनशे मावळे, आणि गडावरून तोफांचे आवाज कानी पडेपर्यंत खिंड धरून ठेवण्याची बाजीप्रभूंनी पत्करलेली जबाबदारी. आपल्या अलीकडच्या ऐतिहासिक चित्रपटांत अशा प्रसंगी मंदगतीने उडणारे रक्त आणि ढोलांचा गजर यांची रेलचेल असते, परंतु किती उरले आणि किती वेळ उरला हे दोन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. खरे पाहता खिंड किती वेळ धरावयाची हे खिंडीत ठरतच नव्हते. विशाळगडाच्या पायथ्याशी शृंगारपूरच्या सुर्व्यांनी आणि पालवणीच्या दळव्यांनी दुसरा वेढा घातलेला होता, तो फोडूनच महाराजांना वर जावयाचे होते, आणि त्या झुंजीत जाणाऱ्या प्रत्येक घटकेची किंमत कित्येक कोस मागे, खिंडीतील माणसांच्या रूपाने मोजली जात होती. ही दोन्ही घड्याळे जो कोणी एकाच पडद्यावर बरोबरीने चालवून दाखवील त्याला संगणकाकडून एकही जादा मावळा उसना घ्यावा लागणार नाही.